अँटिबॉडीनं नेमकं काय धरलं?

प्रिय मुली,

तुझी एक्सेल शीट काल रात्री दोनदा पाहिली. एकाच नमुन्याच्या दोन मोजण्यांमधला फरक पाच टक्क्यांच्या आत, स्टँडर्ड कर्व्ह देखणा, ब्लँक स्वच्छ. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. तू मेलच्या शेवटी विचारलंस ते मात्र झोपू देईना: एक किट उपाशीपोटीच्या प्लाझ्मात कोलेसिस्टोकायनिन (सीसीके) हे पचनाचं हार्मोन मिलिलिटरला ४०० पिकोग्रॅम दाखवतं, दुसरं जेमतेम २, तर प्रबंधात कुठला आकडा घालू? अगं, आकडा निवडायचा नसतो. किटमधली अँटिबॉडी जे पकडते तेच मोजलं जातं; तिनं नेमकं काय धरलं, ते आधी शोधायचं असतं.

कागद घे. सीसीके-८, म्हणजे आठ अमिनो आम्लांचं सीसीके, त्याचा रेणूभार साधारण ११४३. मिलिलिटरला ४०० पिकोग्रॅम म्हणजे लिटरला सुमारे ३५० पिकोमोल. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी हे हार्मोन लिटरला १ पिकोमोलच्या आसपास असतं, जेवल्यावर काही पट वाढतं, बस. मग ३५० कुठून आले? हा हिशेब प्लेट लावण्याआधी करायला हवा होता.

गॅस्ट्रिन, जठराला आम्ल स्रवायला लावणारं हार्मोन, हे सीसीकेचं सख्खं भावंड. दोघांच्या शेपटाकडची पाच अमिनो आम्लं तंतोतंत सारखी, आणि रक्तात गॅस्ट्रिन कितीतरी जास्त. सल्फेट लागलेलं टायरोसिन सीसीकेत शेवटाकडून सातवं, गॅस्ट्रिनमध्ये सहावं. एवढ्याशा फरकावर तुझी सगळी मोजणी उभी आहे. तुझ्या पहिल्या किटचे ३५० तर निव्वळ गॅस्ट्रिनचेही वाटत नाहीत. प्लाझ्मातली भलतीच प्रथिनं प्लेटच्या वेलला, म्हणजे खळग्याला, चिकटत असावीत. माहितीपत्रकात ‘क्रॉस-रिॲक्टिव्हिटी नाही’, म्हणजे अँटिबॉडी दुसऱ्या कुठल्या रेणूला धरत नाही, असं छापलंय म्हणतेस. कशाबरोबर तपासली? किती मात्रेला? ते वाचलंस का?

या हार्मोननं पूर्वीही माणसं चकवली आहेत. पित्ताशय आकुंचित करणारं द्रव्य म्हणून आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये त्याला नाव दिलं. १९४३ मध्ये हार्पर आणि रेपर यांना स्वादुपिंडाची विकरं बाहेर काढणारं द्रव्य सापडलं, त्याला त्यांनी पॅनक्रिओझायमिन म्हटलं. पुढे स्वीडनमध्ये जॉर्पेस आणि मट यांनी शुद्धीकरण केलं तेव्हा दोन्ही एकच निघालं. तिथं एका रेणूला दोन नावं होती. तुझ्याकडे एका नावाखाली किती रेणू आहेत, देव जाणे.

मी तुझ्याहून थोडीच मोठी होते तेव्हा अपचनाच्या रुग्णांमध्ये सीसीके वाढलेलं दाखवलं होतं. आलेख सुरेख होता. परिषदेत मागच्या बाकावरून एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, ‘यातले किती जण आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होते?’ मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन बसले. निम्म्याहून जास्त घेत होते. त्या गोळ्यांनी जठरातलं आम्ल कमी होतं आणि गॅस्ट्रिन वाढतं, हे मला ठाऊक होतं! परतल्यावर रिकाम्या बफरमध्ये, म्हणजे सीसीके अजिबात नसलेल्या द्रावणात, गॅस्ट्रिन-१७ (गॅस्ट्रिनचं सतरा अमिनो आम्लांचं रूप) घालून प्लेट लावली. किटनं ते निमूटपणे सीसीके म्हणून वाचलं. मी पेपर मागे घेतला. माझ्यासोबतच्या मुलाची फेलोशिप त्यात संपली आणि तो संशोधन सोडून गेला. त्याचं वाईट आजही वाटतं. पण पेपर मागे घेतल्याचं नाही. मला हटवादी म्हणाले, मुलांना रखडवते म्हणाले, म्हणोत. ज्या आकड्याखाली काय आहे ते मलाच माहीत नाही, तो मी कुणाच्या हाती कसा देऊ? तो प्रश्न प्लेट लावण्याआधी विचारला असता, तर त्या मुलाची दोन वर्षं वाचली असती. म्हणून तुला आज रागावतेय.

तुझे गाईड सहा महिन्यांत सबमिशन मागतायत, कळतं मला. तरी आधी हे कर. एकच प्लाझ्मा दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून लाव. गुणून पुन्हा तोच आकडा येत नसेल, तर मोजणीत सीसीकेखेरीज दुसरं काहीतरी लुडबुडतंय असं समज. मग ओळखीच्या मात्रेचं सीसीके-८ प्लाझ्मात घालून किती परत मिळतं ते बघ, आणि शेजारच्या वेलमध्ये नुसतं गॅस्ट्रिन. रुग्णांच्या फायली काढून गोळ्यांचा रकाना भर. तो रिकामा सोडलायस, मी पाहिलं.

गॅस्ट्रिन-१७ विकत घेऊ नकोस, माझ्या फ्रीझरमध्ये न उघडलेली व्हायल आहे. सोमवारी दहाच्या आत ये, बर्फाचा डबा घेऊन. आणि दोन्ही किटची माहितीपत्रकं आण, आपण ओळ न ओळ वाचू.

तुझी,
मॅडम