पंखा तीनवर ठेवून कुणाचंच भलं झालं नाही

प्रश्न : लग्नानंतर रोजच्या जगण्यात नेमक्या कोणत्या तडजोडी कराव्या लागतात? त्यात काही आनंद असतो, की नुसतंच निभावून नेणं?

पैसा, नातेवाईक, मुलं या मोठ्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी पंख्यापासून सुरुवात करते, कारण आमच्या लग्नाला 21 वर्षं झाली आणि त्यातली पहिली चार-पाच पंख्याच्या रेग्युलेटरपाशीच खर्ची पडली.

नवऱ्याला पंखा पाचवर हवा, मला एकवर. मग आम्ही मोठ्या समजूतदारपणे तो तीनवर ठेवला. झालं काय, तर तो घामेजून कूस बदलत राहायचा आणि मी पाय पोटाशी घेऊन कुडकुडत. भांडण मिटलं, पण झोप दोघांचीही गेली. शेवटी पंखा पाचवर गेला आणि माझ्यासाठी वेगळं, चांगलं जाड पांघरूण आलं. हे पहिल्याच वर्षी सुचलं नसतं का? सुचलं होतं, त्यालाच. पण वेगळी पांघरुणं म्हणजे दोघांत काहीतरी बिनसलंय, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मूर्खपणा, दुसरं काय!

तरी पाय गारच राहायचे. झोप लागायच्या आधी हातापायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथून उष्णता बाहेर जाते, शरीर आतून जरासं निवतं आणि मग डोळा लागतो. माझे पाय बर्फ, त्यामुळे माझी गाडी स्टेशनातच उभी. म्हणून दिवा मालवला की मी माझ्या पांघरुणातून पाय हळूच त्याच्या पांघरुणात सरकवते आणि तळवे त्याच्या पोटरीला टेकवते. तो "आई गं!" म्हणून दचकतो. रोज. पण पोटरी बाजूला घेत नाही. मोजे घातले तर हे काम भागेल, मला माहीत आहे. मी घालत नाही.

घोरण्यावर मात्र तडजोड वगैरे काही नाही, सरळ कोपर मारायचं. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते आणि आवाज वाढतो. कुशीवर वळवलं की बऱ्याच जणांचा कमी होतो. तो झोपेतच "हं" म्हणतो आणि वळतो, सकाळी त्याला काही आठवत नाही. (घोरता घोरता श्वास मध्येच थांबत असेल, माणूस गुदमरल्यासारखा दचकून उठत असेल, तर मात्र कोपरावर भागवू नका, डॉक्टरांकडे न्या.)

तो पहाटे उठणारा, मी रात्री जागणारी. यावर आम्ही एकमेकांना जे काही सुनावलं आहे ते आता आठवलं की हसू येतं. त्याच्या लेखी मी आळशी, माझ्या लेखी तो रसहीन. पण कुणाला लवकर झोप येते, कुणाला उशिरा, हे बरंचसं उपजतच असतं आणि वयानुसार बदलतं. चाळिशी उलटल्यावर माझीच झोप आपोआप अलीकडे आली आणि हा वाद कुणीच न जिंकता संपला.

आता आनंदाचं. फिरायला जाणं, भेटवस्तू, हे ठीकच. मला विचाराल तर सगळ्यात मजा आमच्या एका वाक्यात आहे. कुणाकडे गेल्यावर कंटाळा आला, की दोघांपैकी एकाने विचारायचं, "किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" म्हणजे : निघूया. हे आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं. एकदा तो खरंच किल्ली शोधत होता, मी उगाच उठून उभी राहिले, आणि तेव्हापासून ते रुळलं. समोरच्याला काही कळत नाही, आम्ही दोघं मात्र गंभीर चेहऱ्याने पर्स चाचपायला लागतो.

मागच्या महिन्यात पाहुणे आमच्याच घरी होते. रात्रीचे साडेअकरा वाजले, गप्पा काही आटोपेनात. नवऱ्याने जांभई दाबली आणि अगदी सहज मला विचारलं, "किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

मी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. बाहेर आले तर पाहुणे विचारत होते, "कुठली किल्ली हरवली?" आणि तो बिचारा त्यांच्यासोबत सोफ्याखाली वाकून शोधत होता.