चवीसाठी रेग्युलेटेड वेप घ्यावा की मेकॅनिकल?

प्रश्न असा होता: "मी सोलापूरचा. सिगारेट सोडून वेपवर आलोय. धुराचे ढग नकोत, चव पाहिजे. मित्र म्हणतो रेग्युलेटेडमध्ये सर्किट असतं, त्यात चव मरते, खरी चव मेकॅनिकलची. काय घेऊ? आणि सोलापुरात कुठं मिळेल?"

तुमच्या त्या मित्राची आणि माझ्या दाजींची गाठ घालून द्यावी म्हणतो. दोघांचं छान जमेल.

"सर्किटनं चव मरते" हे वाक्य मी 2017 पासून ऐकतोय. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या (लूमच्या) मोटारी जळल्या की माझ्याकडं येतात. विजेला चव नसते, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे. वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, वीज कॉइल (तारेचं वेटोळं) तापवते, कॉइल लिक्विड तापवते, चव लागते ती तिथं. कॉइलला 38 वॅट मिळाले तर ते मेकॅनिकलच्या नळीतून (आत नुसता सेल आणि बटण) आले की रेग्युलेटेडच्या डब्यातून (आत सर्किट), हे तिला कळत नाही. ती इलेक्ट्रिक शेगडीच्या स्प्रिंगची धाकटी बहीण आहे, दुसरं काही नाही.

हे सगळं मी दाजींना तोंडी सांगून झालं होतं. दाजी म्हणजे सख्ख्या बहिणीचे यजमान, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. त्यामुळं वाद घालायचा तर "तुमचं बरोबर आहे, पण" अशीच सुरुवात करावी लागते, आणि त्या "पण"च्या पुढचं ते ऐकत नाहीत. त्यांच्याकडं तांब्याची नळी होती. आत एक 18650 मापाचा लिथियम सेल, खाली स्प्रिंगचं बटण, वर ड्रिपर (कॉइल आणि कापूस बसवून लिक्विडचे थेंब टाकायची वाटी), बस. दर रविवारी चिंच-मिठानं घासून चकाचक करायचे. (त्याचा उपयोग होतो, नाही म्हणत नाही. आटे काळे पडले की तिथंच व्होल्टेज पडतं.) माझ्याकडं एका सेलचा साधा रेग्युलेटेड डबा. दाजी त्याला "मोबाईल" म्हणायचे. "तुझा मोबाईल चार्ज झाला का बे?"

2018 चा जानेवारी. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू होती, आणि मंद्रूपच्या पुढं दाजींच्या रानात हुरडा ठेवला होता. पंधरा-वीस माणसं. मी ठरवूनच गेलो होतो. बरोबर मल्टिमीटर, नवे दोन सेल आणि एक टॉवेल.

ड्रिपर एकच ठेवला, माझा. 0.4 मिलिमीटरची कंथाल (तापणारी) तार, 3 मिलिमीटरवर सहा-सहा वेढ्यांच्या दोन कॉइली, मिळून 0.4 ओहम. कापूस तोच, लिक्विड तेच, वेलदोडा कस्टर्ड. तोच ड्रिपर कधी नळीवर चढवायचा, कधी डब्यावर. दाजींच्या नळीतला सेल काढून माझ्या नव्यातला एक घातला, त्याचाच जोडीदार डब्यात. मल्टिमीटर लावून बघितलं: सेल नुसता 4.18 व्होल्ट, बटण दाबल्यावर 3.9. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे 38 वॅट. डबा 38 वर लावला. दाजींच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. नळी की डबा हे हाताला कळू नये म्हणून मीच धरून त्यांच्या तोंडाला लावत होतो. बहीण लांबून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते लिहीत नाही.

दहा झुरके. प्रत्येक वेळी दाजींनी सांगायचं, नळी की मोबाईल. दहापैकी पाच बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

दाजी म्हणाले, "सकाळी सकाळी जिभेला चव नसते." ठीक आहे. मग दिवसभर तोच सेल नळीत ठेवून दाजी आणि त्यांचे दोन मित्र ओढत बसले. मी डबा ओढत होतो. दुपारी हुरडा झाला. आगटीवर त्यांचे चुलते बसले होते. कुणी हौसेनं काटक्या टाकून जाळ केला की ते ओरडायचे, "जाळ नको रे, विस्तव पाहिजे." जाळावर कणीस वरून करपतं आणि आत दाणा कच्चा राहतो. गोवऱ्यांचा विस्तव एकसारखा असला तरच गुळभेंडी ज्वारीचा दाणा हातावर चोळल्यावर गोड लागतो. मी दाजींकडं बघितलं. दाजी शेंगाचटणी वाढून घेत होते.

संध्याकाळी दुसरी फेरी. नळीतला सेल आता दाबाखाली 3.5 दाखवत होता. 0.4 ओहमला म्हणजे साडेतीस वॅट. डब्यातला सेलही उतरला होताच, पण सर्किट आतून व्होल्टेज चढवून 38 देतच होतं. पुन्हा टॉवेल, पुन्हा दहा झुरके. या वेळी दाजींना फरक अचूक कळला, पण उलटा. दहापैकी आठ वेळा उलटं सांगितलं. स्वतःच्या नळीला म्हणाले, "हा मोबाईल. मेलेली चव." आणि माझ्या डब्याला म्हणाले, "हां, हे तांबं बोलतंय."

टॉवेल सोडून आकडे दाखवले. दाजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तू जुना सेल घातला असणार." ते वाक्य आजही आमच्या घरात जिवंत आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच. पहाटे स्टार्टर ट्रिप होऊन लूम बंद पडले की मालक आधी मोटारीला शिव्या देतो, मग मी जाऊन व्होल्टेज मोजतो, तर तेच पडलेलं असतं. मेकॅनिकलमध्ये भरल्या सेलला चव वेगळी, अर्ध्या सेलला वेगळी, आणि संपत आलेल्या सेलला कोमट कापसाची. चव पाहिजे असणाऱ्यानं व्होल्टेज डाउनवर का चालवावं? रेग्युलेटेड म्हणजे स्टॅबिलायझर लावलेला. एकच गोष्ट कबूल करतो: स्वस्तातल्या डब्यांत व्होल्टेज खाली आणायला वीज नुसती चालू-बंद, चालू-बंद करतात. त्यात झुरका खरखरीत लागतो आणि कॉइल लवकर करपते. तुमच्या मित्रानं असला एखादा ओढून मत बनवलं असेल तर त्याचा दोष नाही.

डब्यापेक्षा चव ठरते वरच्या भागात, आणि त्यावर तुमच्या प्रश्नात एक शब्द नाही. एकच कॉइल, लहान पोकळी, हवेचं भोक कॉइलच्या अगदी जवळ आणि बारीक. दोन कॉइली आणि मोठी भोकं हा ढगवाल्यांचा मामला. कापूस कोंबू नका. कॉइलमधून ओढताना किंचित अडकला पाहिजे, तार हलता कामा नये. कोंबला तर लिक्विड पोचत नाही आणि कोरडा झुरका घशाला लागतो. तो एकदा लागला की दोन दिवस वरणसुद्धा जळकं लागतं. लिक्विडमध्ये चव वाहून नेतं पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल), ढग करतं व्हीजी (ग्लिसरीन), म्हणून सत्तर-ऐंशी टक्के व्हीजीचं लिक्विड घेऊन चव नाही म्हणून रडू नका. आणि ज्यात गोडी म्हणून सुक्रालोज ओतलेलं असतं ते दोन दिवसांत कॉइलवर काळी साय धरवतं. तेव्हा डिव्हाइस बदलायचं नसतं, कापूस बदलायचा असतो.

आता त्या संध्याकाळचा उरलेला भाग. तो सांगितला नाही तर मेकॅनिकलबद्दल मी एवढा का चिडतो ते कळणार नाही.

दाजींनी रागारागानं माझा सेल काढून परत दिला, आपला घातला आणि आपला ड्रिपर चढवला. त्या सेलवर 9900 एमएएच छापलेलं होतं. 18650 मध्ये चांगल्यातला चांगला सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपासच असतो. नऊ हजार लिहिलेला म्हणजे आत काय भरलंय ते देव जाणे. त्याचं प्लास्टिकही वरच्या काठाला फाटलं होतं. दिवाळीपासून सांगत होतो, बदला. नळी पॅन्टच्या खिशात घातली, बटणाची लॉकची रिंग न फिरवता, आणि आगटीजवळ उकिडवे बसले. बसताना बटण दाबलं गेलं.

आधी कापूस जळल्याचा वास आला. आम्हाला वाटलं कुणाचा टॉवेल विस्तवात पडला. सगळे आपापले टॉवेल चाचपतायत आणि दाजी एकदम उभे राहून मांडीवर थापा मारतायत. नळी खिशातून ओढली, हाताला चटका बसला, फेकली ती सरळ नांगरटीत. तिथं ती मिनिटभर गप्प पडली आणि मग फुस्स करून खालच्या भोकांतून पांढरी वाफ सोडायला लागली. ती भोकं त्यासाठीच असतात, पण ती नसलेल्या नळ्याही लोक हौसेनं घेतात. दाजींच्या मांडीवर रुपयाएवढा फोड आला. खिसा गेला. चुलते म्हणाले, "बिडी बरी की मग." बहीण अजून मलाच बोलते, कारण टॉवेल मी आणला होता.

डब्यात हे बहुधा झालं नसतं. बहुतेक डबे दहा सेकंदांत आपोआप बंद होतात. शॉर्ट असेल तर चालूच होत नाहीत, सेल उलटा घातला तरी गप्प बसतात. नळीत यातलं काही नाही, तिथं अक्कल तुमची लागते. 0.2 ओहमची कॉइल भरल्या सेलवर 21 अँपिअर ओढते. तुमचा सेल 20 चा असेल तर हिशेब तिथंच चुकला. ज्याला हा भागाकार मनात करता येत नाही त्यानं मेकॅनिकलला हात लावू नये, आणि ज्याला येतो तो बहुधा लावत नाही. हायब्रिड टोपीची नळी असेल (म्हणजे ड्रिपर थेट सेलवर टेकतो) आणि ड्रिपरची मधली पिन बाहेर आलेली नसेल तर सरळ सेलच शॉर्ट. अमेरिकेत 2018 ला फ्लोरिडात आणि 2019 ला टेक्सासात वेप फुटून माणसं गेलीत. आपल्याकडं मे महिन्यात पारा 44 ला टेकतो. गाडीच्या डिकीत सेल ठेवणारे लोक मी बघितलेत, त्यांना आणखी काय सांगायचं.

हे खरं तर आधी लिहायला पाहिजे होतं: कुठं मिळेल ते मी सांगणार नाही. 18 सप्टेंबर 2019 ला वेपवर बंदीचा वटहुकूम आला, त्याच डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, विकणं, मागवणं, वाहतूक, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. ऑनलाइनसुद्धा. साठ्याची शिक्षा कमी आहे, बाकीच्यात पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे आज तुम्हाला जे मिळेल ते कुणीतरी काउंटरखालून काढून दिलेलं असेल. सेल 9900 वाला, लिक्विडमध्ये काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नाही. अशा मालात चव शोधणं म्हणजे पाणचट दुधात साय शोधणं.

आता कुणीतरी म्हणेल, मग विडी कशी चालते? मलाही तोच राग आहे. माझ्या आईनं पंचवीस वर्षं विड्या वळल्या. मजुरी हजार विड्यांमागं, आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या हिशेबात नाहीत. घरात तंबाखूची धूळ, सुपात तेंदूची पानं, आणि आम्ही पोरं तिथंच बसून अभ्यास करायचो. तिचा खोकला मला अजून लक्षात आहे. विडी दुकानात उघड मिळते आणि वेपवर बंदी, हा न्याय मला कळत नाही. पण म्हणून वेपमधलं निकोटीन साधू होत नाही. मी सिगारेट सोडायला वेप धरला आणि पहिल्या वर्षात दिवसाला आधीपेक्षा जास्त निकोटीन घेत होतो, कारण हातातला डबा कधी विझत नाही. सिगारेट निदान संपते तरी. बंदीनंतर कापूस, तार, लिक्विड मिळेनासं झालं आणि आपोआप सुटलं. माझ्या निश्चयाचा त्यात काही हात नाही.

तुम्ही सिगारेटवरून आलाय म्हणता, तर डॉक्टरला विचारून निकोटीनचा गम बघा. चव बेकार असते, आधीच सांगतो.

आणि दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, ताई पाठवेल. तो सेल जुना नव्हता. दोन्ही एकाच दिवशी घेतले होते, 2 डिसेंबर 2017. बिल दुकानात गल्ल्याच्या खालच्या खणात आहे. कधीही येऊन बघा.