रिपोर्टवरची रेंज नक्की कोणाची?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ७८, टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) ६.२ आलाय, शेजारी नॉर्मल रेंज ०.४ ते ४.० छापलीय म्हणून ठळक एच, म्हणजे हाय, आणि १३ वर्षांच्या मुलाच्या टेस्टोस्टेरॉनपुढे (पुरुषी हार्मोन) एल, म्हणजे लो, त्यामुळे घरात कुणाला झोप नाही. मी बरीच वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघितलीय म्हणून सांगते, हे एच आणि एल कॉम्प्युटर लावतो, शेजारच्या रेंजशी आकडा ताडून. त्याला आईंचा चेहरा दिसत नाही. म्हणून आधी विचारायचं ते हे, की ती रेंज कोणाच्या रक्तावरून काढलीय?

रेंज काढायची रीत अशी, की प्रत्येक गटात निदान १२० निरोगी माणसं हवीत, म्हणजे बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, फरक पडत असेल तर वयोगटही वेगळे. थायरॉइडची काढायची तर थायरॉइडची गोळी चालू असलेले, अँटी-टीपीओ (थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असलेले सगळे वगळायचे. मग आकडे चढत्या क्रमाने लावून खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडले की मधल्या ९५ टक्क्यांची रेंज. म्हणजे १०० धडधाकट माणसांतली ५ मुळातच बाहेर पडणार, आजार नसताना.

पण पंचाहत्तरीच्या पुढची १२० निरोगी माणसं आणायची कुठून, प्रत्येकाला बीपी नाहीतर शुगरची गोळी चालू असते, आणि हसत्याखेळत्या मुलाला नुसत्या रेंजसाठी सुई टोचून द्यायला कुठली आई तयार होईल? म्हणून बहुतेक लॅब टेस्टच्या किटसोबत कंपनीचा जो कागद येतो त्यावरची रेंज घेतात, २० निरोगी लोकांचं रक्त लावून बघतात, दोनपेक्षा जास्त बाहेर गेले नाहीत की रेंज पास. आमच्याकडे ते २० जण म्हणजे आम्हीच, स्टाफ, सगळे पंचविशी ते पंचेचाळिशीतले. ती रेंज ७८ वर्षांच्या बाईला लावली जायची याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

वयाने टीएसएच वर सरकतो. अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्य पाहणीत थायरॉइडचा आजार नसलेल्या ऐंशीच्या पुढच्या लोकांची वरची हद्द साधारण ७.५ निघाली होती. शिवाय २०१७ मध्ये युरोपातल्या एका चाचणीत ६५ वर्षांवरच्या, असाच थोडा वाढलेला टीएसएच असलेल्या ७३७ जणांवर थायरॉइडची गोळी देऊन बघितली तर थकवा वगैरेत फरक पडला नाही. म्हणून लगेच गोळी सुरू करायची घाई नको, दोन-तीन महिन्यांनी टीएसएच फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) सोबत परत करा, अँटी-टीपीओ एकदा करून घ्या आणि ते कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

मुलाचं तर वेगळंच. पुरुषांची २६४ ते ९१६ ही जी रेंज सांगतात ती १९ ते ३९ वर्षांच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांची, तेरा वर्षांच्या पोराला ती लावायचीच नाही. एकाच वर्गातल्या एका मुलाला मिसरूड फुटलेलं असतं आणि शेजारच्याचा आवाजही फुटलेला नसतो, दोघं नॉर्मल, म्हणून या वयात नुसतं वय धरून भागत नाही, वयात येण्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. कॅनडात टोरंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलातून कॅलिपर नावाचा प्रकल्प चालतो, त्यांनी हजारो निरोगी मुलांच्या रक्तावरून अशाच रेंज काढल्यात. १४ पूर्ण होऊनही काहीच सुरुवात नसेल तर मात्र मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणि हो, रक्त किती वाजता दिलं होतं? टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतो, शाळा सुटल्यावर दिलं असेल तर कमीच येणार. रिपोर्टखाली मेथड, म्हणजे तपासणीची पद्धतही लिहिलेली असते, मुलांमधले छोटे आकडे साध्या सीएलआयएवर (लॅबमधली नेहमीची अँटिबॉडीवर चालणारी पद्धत) नीट येत नाहीत, एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारी पद्धत) जास्त भरवशाचे येतात. वेळ आणि मेथड दोन्ही बघून इथे टाका, मी बघते.