हरकत नोंदवून घे

प्रिय मुली,

बलात्काराच्या खटल्यातील उलटतपासणीत पीडित मुलीला तिच्या पूर्वीच्या संबंधांविषयी विचारले गेले, कोणीही अडवले नाही आणि त्यामुळे आता तुला वकिलीच सोडावीशी वाटते, हे वाचून वाईट वाटले आणि रागही आला. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे कलम 2002 च्या दुरुस्ती कायद्याने काढून टाकले आहे. सरकारी वकिलांच्या मदतनीस म्हणून तुला स्वतंत्रपणे बोलता येत नव्हते, हे मान्य. पण त्यांच्या हाती चिठ्ठी देता येत होती. हरकत घेतली गेली पाहिजे आणि ती नोंदली गेली पाहिजे.

नोंदलेल्या शब्दांचे मोल एका जुन्या खटल्यावरून कळेल. 26 मार्च 1972 रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने ती शरीरसंबंधांना सरावलेली असल्याचे म्हणत पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र भीतीपोटी हतबल होणे म्हणजे संमती नव्हे, असे स्पष्ट लिहून दोघांना शिक्षा दिली. आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकारच झाला नाही, असे धरून ती रद्द केली. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, ते याच निकालपत्रांतील शब्द समोर ठेवून. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे 1983 चा कायदा झाला : कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. त्या मुलीच्या पदरात मात्र काहीच पडले नाही, याची चीड मला आजही येते.

म्हणून सांगते, नोंदवून घे. वरचे न्यायालय साक्षीदाराचा चेहरा पाहत नाही, कागद वाचते. वैद्यकीय अहवालात दोन बोटांची चाचणी (स्त्री शरीरसंबंधांना सरावलेली आहे का, हे पाहण्याची तपासणी) दिसली, तर ती करणे हे गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले आहे, हेही लेखी अर्जात मांड. कोर्टाचा वेळ खाते, भांडखोर आहे, असे माझ्याविषयी आयुष्यभर बोलले गेले, सरकारी वकिलीची संधीही गेली. त्याची खंत आहे, पण घेतलेली एकही हरकत मला मागे घ्यावीशी वाटत नाही. नम्रपणे गप्प बसून मी कोणाचे भले केले असते?

सोडण्याचा विचार खटला संपल्यावर कर. सध्या साक्षीची प्रमाणित नक्कल काढ, आक्षेपार्ह प्रश्नांवर खूण कर, सरकारी वकिलांशी बोलून अर्जाचा मसुदा तयार कर आणि पुढच्या तारखेआधी मला पाठव.