‘अंमल’ कुणाचा आणि कसला

प्रश्न आला आहे: ‘कायद्याचे राज्य’ म्हणावे की ‘कायद्याचा अंमल’? आणि त्याला जास्त धोका काँग्रेसकडून की भाजपकडून?

बसवर दगड पडला की वृत्तनिवेदक ‘कायद्याचे राज्य धोक्यात’ म्हणून ओरडतात. अहो, दगडाने बिघडते ती सुव्यवस्था. दगड मारणारा आणि लाठी मारणारा दोघांना एकच कायदा लागू असला, की ते कायद्याचे राज्य. आरोपीच्या घरावर बुलडोझर फिरवून तर ते येतच नाही. १३ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले.

खरी गंमत ‘अंमल’मध्ये आहे. मूळ अरबी ‘अमल’, म्हणजे काम, कृती. त्यातून अंमलदार, अंमलबजावणी, इंग्रजी अंमल. आणि त्यातूनच अंमली पदार्थ! राजस्थानात तर अफूलाच अमल म्हणतात. कोशवाले सांगतात, कृतीवरून परिणाम, परिणामावरून नशा. सरळ, सोपे आणि बेचव. मला वाटते, सरकारी दप्तरात बसलेल्या कारकुनांनी नव्या सुभेदारांच्या चाली रोज पाहिल्या असतील, म्हणूनच सत्ता आणि नशा यांना वेगळे शब्द करायची कुणाला गरज पडली नाही. पुरावा मागणाऱ्यांनी खुशाल मागावा. ‘अंमल’ला संस्कृत ‘अम्ला’कडे ओढणाऱ्यांशी मात्र वाद घालण्यात अर्थ नाही; आंबटपणाने कुणी सुभा चालवल्याचे ऐकिवात नाही.

हां, धोका. पक्ष नंतर बघा, अंमल कुणाचा ते आधी बघा. जून १९७५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली गेली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम उडवले. पुढच्याच वर्षी मात्र त्याच न्यायालयाने आणीबाणीत स्थानबद्धांना दाद मागता येणार नाही असे ठरवले. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. दुसरीकडे उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांच्या भाजप सरकारने न्यायालयाला मशीद सांभाळण्याची हमी दिली आणि ६ डिसेंबर १९९२ला बाबरी पडली. त्याच वर्षी जुलैत, आदेश मोडून तिथे चौथरा बांधू दिल्याच्या अवमानाबद्दल कल्याणसिंहांना पुढे शिक्षा किती, तर एक दिवस.

तोलायचेच तर आजवरच्या हिशेबात माझ्या लेखी १९७५चे पारडे जड: तिथे शब्द मोडला नाही, घटनाच वाकवली. पण दिल्लीत आज अंमल काँग्रेसचा नाही, तेव्हा नजर कुणावर ठेवायची हे सांगायला कोश लागत नाही.

आणि हो, दोन्ही शब्दप्रयोग शुद्ध आहेत. फक्त पोलीस बंदोबस्ताला ‘कायद्याचे राज्य’ म्हणू नका.