दुसऱ्या पलंगाचं भाडं

सोलापूर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. एकटीनं क्रूझला जायचं म्हटल्यावर घरात सगळे हसले, आणि आई तर बोलेनाशी झाली. तू विचारतेस, मी जाऊ का. जा. पहिल्यांदाच एकटी फिरणार असशील तर मी स्वतःहून जहाजच सुचवलं असतं. एकट्या बाईची निम्मी ताकद रोज संध्याकाळी त्याच त्या काळज्यांत जाते. लॉज कसा निघेल, रिक्षावाला किती सांगेल, अंधाराच्या आत पोचू का, रात्री जेवायला कुठं बसू. जहाजावर बॅग एकदा उघडली की शेवटच्या दिवसापर्यंत ती खोली तुझी. जेवण तिथंच, माणसांचा वावर चोवीस तास आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद.

पण जोडीनं जाणाऱ्यांना एक सोय असते, ती तुला नसेल. दोघांत एकजण विसरला तर दुसऱ्याला आठवतं. एकाचं पाकीट हरवलं तर दुसऱ्याचं असतं. "अगं, वाजले किती बघ" म्हणायला कुणीतरी असतं. तुला हे सगळं निघायच्या आधीच उरकावं लागेल. तेवढं केलंस की पुढं मोकळी आहेस.

आधी पैशाचं, कारण एकटीला पहिला धक्का तिथंच बसतो. जाहिरातीत लिहिलेला दर माणशी असतो, पण तो एका खोलीत दोघं धरून. तू एकटी गेलीस तरी खोलीत दोन माणसांची जागा अडते, म्हणून कंपनी दुसऱ्या पलंगाचंही भाडं लावते. कधी थोडं, कधी पूर्ण. समजा माणशी 25 हजार लिहिलंय, तर तुझी खोली 50 हजारांना पडू शकते. बंदराचे आकार आणि कर मात्र डोक्यामागे असतात, ते एकाचेच लागायला हवेत. बिलात ही ओळ वेगळी मागून घे. तू ऑफिसात रोज बिल ऑफ लेडिंगमधला, म्हणजे जहाजानं जाणाऱ्या मालाच्या पावतीतला, एकेक रकाना तपासतेस, एक अंक चुकला तर पार्टीला फोन करतेस. तीच नजर स्वतःच्या बुकिंगवर ठेव. नवी पेठेतला एजंट असो की कंपनीची वेबसाइट, एकच प्रश्न विचारायचा: "एकट्या माणसाचा, सगळे कर धरून, शेवटचा आकडा किती?" तो लेखी आल्याशिवाय पैसे भरू नकोस.

परदेशी कंपन्यांपैकी काहींनी यावर तोडगा काढलाय. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 2010 मध्ये 'एपिक' या जहाजावर एकट्यांसाठी 128 छोट्या खोल्या काढल्या. प्रत्येक खोली जेमतेम 100 चौरस फुटांची, खिडकी समुद्राकडं नाही तर बोळाकडं, पण या सगळ्यांना मिळून बसायला एक वेगळा दिवाणखाना. मग इतर कंपन्यांनीही 'स्टुडिओ' किंवा 'सोलो' नावानं अशा खोल्या सुरू केल्या. संख्या कमी, म्हणून लवकर भरतात, आणि कधी कधी साधी आतली खोली दुप्पट भाड्यातही त्यांच्यापेक्षा स्वस्त पडते. दोन्ही आकडे शेजारी मांडून बघ. आपल्याकडं 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, तिच्यावर डॉर्मिटरीसुद्धा होती. एकट्या माणसाला नुसत्या पलंगाचे पैसे देऊन जाता यायचं. ती सेवा टिकली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुझ्या पगारात बसेल अशी तीच होती.

माझं ऐकशील तर पहिली सफर मुंबईहूनच कर, दोन-तीन रात्रींची. कॉर्डेलिया ही क्रूझ कंपनी 2021 पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतेय. त्यांचं 'एम्प्रेस' जहाज 1990 चं आहे, आधी परदेशात चालायचं. आजच्या अवाढव्य जहाजांपुढं ते लहानच, आणि पहिल्या वेळेला लहानच बरं, वाट चुकत नाही. तू कंटेनर न्हावाशेव्याच्या बंदरात पाठवतेस, पण उजनीच्या पलीकडं मोठं पाणी तू पाहिलेलं नाहीस. सात रात्रींची सिंगापूरची सफर आत्ता घेतलीस आणि दुसऱ्याच दिवशी पोटात ढवळायला लागलं, तर पाच दिवस मुठीत जीव धरून बसशील. दोन रात्रींत कळतं की हे आपल्याला झेपतंय का, आवडतंय का.

पावसाळ्यात नको. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो आणि मुंबईच्या फेऱ्याही साधारण ऑक्टोबर ते मे अशाच असतात. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर माग. पुढचं टोक आणि वरचे मजले जास्त हलतात. शिवाय लिफ्टपासून जवळ, म्हणजे रात्री लांबलचक बोळातून एकटीनं चालायला नको. बाल्कनीचा मोह या वेळी आवर. बाल्कनीचंही तू दुप्पट भाडं भरणार, आणि डेकवरून समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो.

मळमळ का होते ते समजून घे, म्हणजे भीती कमी होईल. कानाच्या आतला भाग सांगतो की आपण हलतोय, आणि बंद खोलीत डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या भांडणात पोट बिघडतं. म्हणून मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडं बघत राहायचं. उपाशी राहायचं नाही, कोरडं थोडं थोडं खायचं, आलं चघळायचं. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

आता जायचं कसं. जहाजाचा चेक-इन ठरावीक वेळेला बंद होतो. कट-ऑफनंतर, म्हणजे माल घ्यायची वेळ संपल्यावर, बंदराच्या गेटवर पोचलेल्या कंटेनरचं काय होतं ते तुला मी काय सांगू. वंदे भारत सकाळी सोलापूरहून निघून दुपारी मुंबईत पोचते, आणि नेमकी चेक-इनची गर्दी दुपारीच असते. गाडी दोन तास लेट झाली तर? त्यापेक्षा आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस घे. सकाळी सीएसएमटीला उतरशील, क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीनं थोडक्यातच आहे. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धू, चहा-नाश्ता कर, सावकाश जा. मोठी बॅग टर्मिनलवर घेतात आणि ती खोलीत यायला कित्येक तास लागतात. म्हणून औषधं, कागदपत्रं, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेव. चहाची इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री घरीच ठेव, आगीच्या भीतीनं त्या जहाजावर घेऊ देत नाहीत. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं कंपनीला आधी विचार, घरचं खाणं बऱ्याच जहाजांवर चालत नाही. अंगावर घ्यायला मात्र जाड काहीतरी घे. आपल्या बेचाळीस डिग्रीतून जाऊन तिथल्या एसीत हुडहुडी भरते.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम मस्टर ड्रिल. संकट आलं तर कुठं जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, ते दाखवतात. लोक कंटाळतात, फोटो काढत बसतात. तू नीट लक्ष दे. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे सगळं टाकून आपल्या मस्टर स्टेशनला जायचं. टायटॅनिक बुडाल्यावर 1914 मध्ये जगानं समुद्रसुरक्षेचा पहिला करार केला. तरीही जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. 32 माणसं गेली. त्यानंतर नियम झाला की ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच व्हायलाच हवं. कोकणातल्या जुन्या माणसांना 'रामदास' बोट आठवते, 17 जुलै 1947, गटारी अमावास्येचा दिवस, मुंबईहून रेवसला निघालेली ती उलटून सहाशेवर माणसं बुडाली. समुद्राचे नियम असे माणसं गेल्यावर लिहिले गेलेत. ड्रिल झालं की आपल्या खोलीपासून मस्टर स्टेशनपर्यंत जिन्यानं एकदा स्वतः चालून ये. तुला हाताला धरून नेणारं कुणी नसेल, म्हणून वाट पायांना माहीत हवी.

मग येतो तो क्षण ज्याची तुला खरी धास्ती आहे: जेवणाच्या हॉलच्या दारात एकटी उभी आणि आत सगळी कुटुंबं. मी खरं तेच सांगते. मुंबईच्या जहाजांवर कुटुंबं, मित्रांचे घोळके, ऑफिसचे ग्रुप यांचीच गर्दी असते. एकटी माणसं थोडी. परदेशी मोठ्या जहाजांवर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत एकट्या प्रवाशांच्या भेटीची वेळ छापतात. तशी दिसली तर पहिल्याच संध्याकाळी जा, कारण ओळखी पहिल्या दिवशीच होतात, नंतर गट ठरून जातात. नसेल तर हॉलच्या कॅप्टनला सरळ सांग, "मला चार लोकांत बसायला चालेल." त्याचं ते कामच आहे, तो आनंदानं जागा बघतो. बुफेत मात्र एकटीची एक अडचण असते. तू दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठलीस की पोऱ्या येऊन तुझं ताट उचलतो, आणि परत येईपर्यंत तिथं दुसरंच कुटुंब मांडी ठोकून बसलेलं असतं. मी खुर्चीच्या पाठीवर शाल टाकते आणि पाण्याचा ग्लास भरून ठेवते. अशाच एका सकाळी शाल बघून इचलकरंजीच्या एक निवृत्त शिक्षिका शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "एकट्या आहात ना? मीपण. मी उठेन तेव्हा तुम्ही जागा राखा, तुम्ही उठाल तेव्हा मी." एवढ्यावर ओळख झाली आणि पुढं रोज संध्याकाळी आम्ही डेकवर सोबत फेऱ्या मारल्या. कुणी भेटलं नाही तरी काही बिघडत नाही. एकटीनं पोटभर जेवणाऱ्या बाईकडं कुणी बघत नाही, पोरी. बघतात असं फक्त आपल्याला वाटतं.

जपायच्या गोष्टी थोड्याच आहेत. खोलीचा नंबर नव्या ओळखीला सांगू नकोस. दार आतून कडी लावूनच झोप, टकटक झाली तर आधी छिद्रातून बघ. आपला ग्लास नजरेआड ठेवायचा नाही, मग त्यात सरबत का असेना. कुणी नको इतकं मागं लागलं तर संकोच न करता रिसेप्शनला सांग. जहाजावर सुरक्षारक्षक असतात, बोळांत कॅमेरे असतात.

पुढं कधी परदेशी सफर करशील तेव्हासाठी दोन गोष्टी आत्ताच सांगते, कारण त्यांत भले भले फसतात. पहिली व्हिसाची. सिंगापूरला चढलीस, जहाज मलेशिया-थायलंड करून परत सिंगापूरला आलं, म्हणजे तू सिंगापुरात दोनदा शिरलीस. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतताना अडशील, म्हणून मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा शिरता येणाराच घ्यायचा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच शेंगेन व्हिसा असतो, त्याचंही तेच. पासपोर्ट प्रवासानंतरही सहा महिने चालणारा हवा. तुझा अजून काढलेलाच नाही, तर आत्ताच अर्ज कर. आपल्या सोलापुरातच पोस्टाचं पासपोर्ट केंद्र आहे, पुण्याला खेटे घालायला नकोत.

दुसरी घड्याळाची. जहाज बऱ्याचदा आपल्या निघण्याच्या बंदराच्या वेळेवर चालतं. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. फुकेतला उतरलीस की मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो. जहाजावर पाच वाजलेले असतात आणि तुझ्या हातात चार. जहाज कुणासाठी थांबत नाही. कंपनीची सहल घेतली असेल तर ते तिची वाट बघतात, स्वतःच्या हिमतीवर हिंडणाऱ्याची नाही. म्हणून मोबाइलमधली आपोआप वेळ बंद करायची किंवा साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावायचं, आणि दिलेल्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर हजर. मोबाइल समुद्रात कायम एअरप्लेन मोडवर, नाहीतर तो जहाजावरचं नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. परदेशी जहाजांवर रोजचे साधारण 15 ते 20 डॉलर टिप म्हणून खात्यात आपोआप लागतात, तेही हिशेबात धर. आणि विमा काढ. घरचा मेडिक्लेम परदेशी जहाजाच्या दवाखान्यात बहुतेक चालत नाही, तिथल्या डॉक्टरचं बिल तुझ्याच नावावर येतं.

राहता राहिली आई. तिच्याशी वाद घालू नकोस. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे: जहाजाचं नाव, खोलीचा नंबर मिळाला की तो, कंपनीचा आणि एजंटचा फोन, कोणत्या दिवशी कोणतं बंदर, परतीच्या गाडीचा नंबर. खाली ठळक लिही: "समुद्रात असताना फोन लागणार नाही. बंदराला लागले की करेन." अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर आधी कुणाला विचारायचं, तेही लिही. आईचा निम्मा राग ही न सांगितलेली भीती असते. तो कागद देवघराजवळ लावून ठेव आणि त्याचा फोटो मलाही पाठव, म्हणजे तिला रात्री काही विचारावंसं वाटलं तर इथं मी आहे.

तुझी,
काकू