म्युनिकला निघण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

म्युनिकच्या विद्यापीठात तुला प्रवेश मिळाल्याचे तुझ्या आईने कळवले आणि मनापासून आनंद झाला. त्याचबरोबर तुझ्या मनातली अस्वस्थताही तिने सांगितली. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर तुला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागणार आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी बंदिस्त, गर्दीच्या जागी मास्क लावायला बजावले आहे; पण साऱ्या जगाने मास्क कधीच उतरवला असताना परक्या देशात आपण एकट्यानेच तो लावून वर्गात बसायचे, ही कल्पना तुला जड जाते आहे. कोविडच्या साथीचा पहिला काळ मी सिंगापुरात आणि पुढचा म्युनिकमध्ये काढला. त्या सबंध काळात माझ्या यजमानांवर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू होते, आणि म्हणून दोन्ही देशांत सरकारने सांगितले त्याहून अधिक जपून आम्हाला राहावे लागले. त्या अनुभवातून तुझ्या उपयोगी पडेल तेवढे लिहिते.

नियम आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मनाशी पक्के कर. सिंगापुरात मार्च २०२० अखेरपर्यंत सरकारी सल्ला असा होता की, आजारी असाल तरच मास्क लावा. १४ एप्रिलपासून तोच मास्क घराबाहेर सक्तीचा झाला आणि न लावणाऱ्याला पहिल्या खेपेस ३०० डॉलर दंड होऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्य लोकांसाठी कापडी मास्कची शिफारस केली ती त्यानंतर, जूनमध्ये. या दोन-तीन महिन्यांत विषाणू काही बदललेला नव्हता. आपले ज्ञान आणि सरकारांचा निर्णय बदलला होता. म्युनिकमध्ये याहून ठळक उदाहरण पाहायला मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये बव्हेरियातील, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांमधली मास्कची सक्ती उठली, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये ती पुढच्या फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत राहिली. म्युनिकहून आउग्सबुर्गला दोन्ही प्रकारच्या गाड्या जातात. त्याच स्थानकावरून, त्याच गावाला निघालेल्या एका गाडीत मास्क सक्तीचा आणि दुसरीत ऐच्छिक, असे कित्येक आठवडे चालले. बहुतेक प्रवासी त्या त्या गाडीच्या नियमाप्रमाणे वागत, आणि त्यांच्यापुरते ते ठीकही होते. आम्ही मात्र दोन्ही गाड्यांत मास्क लावून बसत असू, कारण यजमानांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या दोन्हीकडे सारखीच कमी होती. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तेव्हाही आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारूनच काय सोडायचे आणि काय ठेवायचे ते ठरवले. तुझाही निर्णय तुझ्या प्रकृतीवरून आणि तुझ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावरून व्हावा. शेजारच्या बाकावरचा मुलगा काय करतो, यावरून तो होऊ नये.

हे जमायचे तर हा आजार पसरतो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्यात माझी बहीण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत असे, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत वाळवत असे आणि वर्तमानपत्र दिवसभर उन्हात ठेवून मगच उघडत असे. तिची भीती खरी होती, कष्टही खरे होते. परंतु वस्तूंवरून होणारा संसर्ग फारच कमी असतो आणि मुख्य वाट हवेतून जाते, हे पुढे स्पष्ट झाले. बंद खोलीत लावलेल्या उदबत्तीचा धूर कसा साठत जातो ते डोळ्यांसमोर आण. श्वासातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण तसेच साठतात, आणि खिडकी उघडली की तसेच विरतात. जपानमध्ये लोकांना अगदी सुरुवातीपासून तीन गोष्टी टाळायला सांगितले होते: कोंदट जागा, गर्दी आणि जवळून बोलणे. या तीन एकत्र आल्या की धोका सर्वाधिक असतो, हे लक्षात ठेवले तर नव्या जागी पाऊल टाकताच तुला अंदाज येऊ लागेल.

या बाबतीत जर्मनांची एक सवय तुला फार उपयोगी पडेल. ऐन हिवाळ्यातसुद्धा ते खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे खोलीतली सगळी हवा बदलून घेतात. साथीच्या काळात तर शाळांना दर वीस मिनिटांनी तसे करण्याची शिफारस होती आणि मुले कोट घालून वर्गात बसत. म्हणून ‘खिडकी उघडू का?’ असे तू वर्गात विचारलेस तर कुणाला त्यात वावगे वाटणार नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणारे हातात मावेल असे यंत्र मिळते, ते जवळ ठेव. मोकळ्या हवेत त्याचा आकडा ४२० च्या आसपास असतो. वर्गात तो हजाराच्या पुढे गेला की इतरांनी सोडलेली हवा आपण बरीच घेत आहोत असे समजावे. मास्क एफएफपी-२ दर्जाचाच (आपल्याकडच्या एन-९५ सारखा) घे आणि नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसव. चष्म्यावर वाफ धरत असेल तर वरून हवा निसटते आहे. तू दाढी राखतोस असे आई म्हणाली. मास्कच्या कडेखाली केस आले की तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही, तेव्हा दाढीचा विचार तुला करावाच लागेल.

सावधपणे राहणे जमले, याचा अभिमान मात्र बाळगू नकोस. सिंगापुरात आम्हाला स्वतंत्र सदनिका होती, घरून काम करता येत होते. त्याच शहरात तीन लाखांहून अधिक परदेशी कामगार वसतिगृहांत, एकेका खोलीत डझनभर किंवा अधिक जण असे राहत होते, आणि २०२० मधले तिथले बहुसंख्य रुग्ण त्या वसतिगृहांतलेच होते. त्यांनी अंतर ठेवायचे म्हटले तरी कुठे ठेवायचे होते? आपल्या धारावीचे तेच. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत घरात वेगळे राहणे अशक्य आहे हे ओळखून महापालिकेने शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतले, तापाची तपासणी दारोदार नेली, सार्वजनिक शौचालये वारंवार निर्जंतुक केली आणि खासगी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना सोबत घेतले. मला त्या काळातले हे काम सर्वांत मोठे वाटते, कारण त्यात लोकांना दोष न देता त्यांना सावध राहता येईल अशी सोय केली गेली. वर्गात कुणी बेफिकीर दिसला तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी हे आठव.

आता लोकांविषयी. कारण विचारले तर ‘माझ्या औषधांमुळे मला संसर्ग टाळावा लागतो’ एवढे एक वाक्य पुरे. प्रत्यारोपणाची सगळी कहाणी प्रत्येकाला सांगण्याचे बंधन तुझ्यावर नाही. नकार देताना दुसरा पर्याय लगेच सुचव. तळघरातल्या पार्टीला जाणार नसशील तर इझार नदीकाठी किंवा बिअर गार्डनमध्ये भेटू असे म्हण. तिथल्या जुन्या बिअर गार्डनमध्ये झाडांखाली बाके असतात, आणि घरून डबा आणलेला चालतो. आमची म्युनिकमधली सर्व मैत्री अशी उघड्यावर जमली, थंडीत टोप्या-मोजे घालून, थर्मासमधला चहा पीत, आणि ती आजही टिकून आहे. एकटेपणा तुझ्या प्रकृतीला बाधेल. म्हणून घरात कोंडून घेऊन मिळवलेली सुरक्षितता मला तुझ्यासाठी नको आहे.

शेवटची गोष्ट तातडीची आहे. प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये लसीचा प्रतिसाद कमी असतो, त्यामुळे पुढच्या मात्रा केव्हा घ्यायच्या हे इथल्या डॉक्टरांना आत्ताच विचार. पॅक्सलोविड हे कोविडवरचे औषध लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावे लागते. पण त्यातल्या रिटोनाविर या घटकामुळे तुझ्या टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते, आणि अनोळखी दवाखान्यात ताप अंगात असताना हे समजावून सांगणे तुला कठीण जाईल. म्हणून संसर्ग झालाच तर काय द्यायचे, काय टाळायचे आणि कुणाशी बोलायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे; औषधांची मूळ नावे लिहायला सांग, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात. जर्मनीत तातडीची मदत ११२ वर आणि इतर वेळी दवाखाने बंद असताना डॉक्टर ११६११७ वर मिळतात, ते आकडेही त्याच कागदावर असू देत. मसुदा तयार झाला की मला पाठव, त्याचे जर्मन भाषांतर मी करून देईन. ते तुझ्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे.

तुझी,
मावशी